आधी पाणी पिऊन घ्या

आबासाहेबांच्या गोठ्यातलं दूध काढायचं मशीन महिन्यात दुसऱ्यांदा बंद पडलं. गायी हंबरत होत्या आणि आबासाहेबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी ओट्यावर बसून त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. राहुरीजवळच्या त्या वस्तीवर हा रिवाजच पडला होता. तक्रार करायची ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि शिव्या द्यायच्या त्या आळीपाळीने! शेजारचा सहादेव तर चहाचा कप घेऊनच येऊन बसला.

आबासाहेबांची मुलगी पंकजा सुट्टीला घरी आली होती. ती पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये होती, पण घरी तिने ‘ऑफिसात कॉम्प्युटरवर काम’ एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावर आबासाहेब गावभर मिशीला पीळ देत फिरायचे. खरं कळलं तर ते नोकरी सोडायला लावतील, ही तिला धास्ती.

“सर, तक्रार नोंदवली आहे. मेकॅनिक सोमवारी येईल,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“सोमवारपोतर काय गायीच्या सडाला बूच लावू व्हय?” आबासाहेब कडाडले आणि बघता बघता त्या मुलीच्या आईबापापर्यंत पोचले. मग सहादेवने फोन ओढून आपल्या दोन घातल्या. त्यातलं इथे लिहिण्याजोगं काहीच नाही. ओट्यावरची माणसं मात्र खो खो हसली.

पंकजाचं डोकं फिरलं. रोज दिवसभर हेच ऐकायचं, आणि सुट्टीच्या दिवशी घरातही हेच! तेही बापाच्या तोंडून!

फोनमधून आवाज येईनासा झाला. “कापला का काय भवानीनं?” म्हणत आबासाहेबांनी फोन पंकजापुढे धरला. “घे पंके, तुज्या हापिसातल्या विंग्रजीत सुनाव हिला चार.”

पंकजाने फोन घेतला. “ताई,” ती मराठीतच म्हणाली, “आधी पाणी पिऊन घ्या. आम्ही थांबतो.”

हसणं थांबलं. “पानी? तिचं तुला काय ठाव?” आबासाहेबांनी विचारलं.

“कुणी कितीही घाण बोललं तरी आम्हाला फोन कापता येत नाही, आबा. मग आपला आवाज बंद करायचं बटण दाबायचं, रडून घ्यायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि पुन्हा ‘बोला सर’ म्हणायचं. मीही हेच काम करते. रोज कुणाचे तरी आबा मला असंच बोलतात!”

आबासाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मग ते उसळले, “सोड ती नोकरी! आजच्या आज सोड!”

इतका वेळ उंबऱ्यात उभी असलेली त्यांची बायको राहीबाई पुढे आली. “तिनं का सोडायची? चोरी केली का तिनं? सोडायचीच आसंल तर तुमी जिभेची खोड सोडा. मशीन काय त्या पोरीनं बिगडवलं? कंपनीच्या मालकाला तुमची एक तरी शिवी पोचली का? सगळ्या त्या लेकराच्याच कानात गेल्या!”

सहादेव कपात तोंड घालून बसला.

“हॅलो सर, ताटकळत ठेवल्याबद्दल क्षमस्व,” फोनमधून आवाज आला. मऊ, पण नाक चोंदलेला.

आबासाहेबांनी फोन दोन्ही हातांत धरला. “पोरी, चुकलं माजं. लई चुकलं.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, “आणखी काही मदत करू का, सर?”

“न्हाई गं बाई. सोमवारपोतर हातानं काढतो धारा. तू जेवलीस का?”

“नाही, सर. आता जेवेन.”

संध्याकाळी डेअरीवर कुणीतरी पंकजाची चौकशी केली. “कॉल सेंटरात हाय पोरगी,” आबासाहेब म्हणाले. “लोकांची गाऱ्हाणी ऐकती.” आवाज नेहमीसारखाच चढा होता.

मंडळी, पैसे मोजून घेतलेली वस्तू बिघडली की राग येणारच. तक्रार करा, अगदी ठणकावून करा! पण फोन उचलणारी मुलगी ती वस्तू बनवतही नाही आणि बिघडवतही नाही. पलीकडे कुणाची तरी लेक हेडफोन लावून बसलेली असते. तिला फोन कापता येत नाही. आपल्याला तोंड तरी आवरता यायला हवं!