जवळची

“इमान खंयसर इला गो?”

बाबांनी डोळे मिटूनच पुन्हा विमानाचं विचारलं. मालनने त्यांच्या ओठांवर ओला कापूस टेकवला.

“कैरोक पोचला असतला, बाबा.”

कैरो कुठे आहे हे तिला सकाळीच कळलं होतं. शेजारच्या बाबुरावांनी लालबागच्या चाळीतल्या बाबांच्या खोलीत शाळेचा नकाशाच आणून टांगला होता. “लंडन ते मुंबई साडेचार हजार मैल,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. “मधे उतरत-उतरत आलं, तरी विमानाला एक दिवस. काल दुपारी बसला, म्हणजे आज संध्याकाळी सांताक्रूझ.”

दौलत, मालनचा धाकटा भाऊ, लंडनच्या कारखान्यात इंजिनिअर होता. सहा वर्षांनी येत होता.

मालन मालवणकडच्या सासरहून आली होती. अंतर अडीचशे मैलही नाही. पण बैलगाडी, मग होडी, बंदरावर बोटीची वाट पाहत एक रात्र आणि बोटीत सुक्या मासळीच्या टोपल्यांशेजारी दुसरी. भाऊच्या धक्क्यावर तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. ती कधी निघाली, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दौलतला तार गेली होती. तिला कार्ड.

“माले, सरक बघू,” समोरच्या शेवंतीकाकू म्हणाल्या. “खाट दाराकडे तोंड करून घेऊ. दौलत आल्या आल्या दिसला पाहिजे त्यांना.”

“मी आले तेव्हा नाही फिरवलीत खाट.”

“तुझं काय गं अप्रूप? तू येतेसच की.”

मालनने खाटेचं एक टोक धरलं.

नरे पार्कवर त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. एरवी चाळीत एक पुरुष सापडला नसता. बाबुराव तर याच चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. पण टॅक्सीत हार ठेवून तेही सांताक्रूझला निघाले. “सभा काय, उद्याही आहे,” ते म्हणाले. “लंडनहून आपल्या चाळीत रोज कोण येतंय?”

खोलीत दोघंच उरली.

“किती लांबसून येता बिचारो,” बाबा पुटपुटले.

“मी पण इलंय, बाबा. दोन राती लागल्यो.”

बाबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

“तुझा काय गो,” ते म्हणाले, “तू जवळचीच.” आणि मान पुन्हा दाराकडे वळवली.

हे शब्द मायेने घ्यावेत असं तिला वाटलं. घेता आले नाहीत. ती त्यांचे पाय चेपत बसली.

ऊन गॅलरीतून उतरत आलं तेव्हा बाबांनी पुन्हा विमानाचं विचारलं. उत्तर द्यायला ती वाकली, तोवर त्यांना उत्तर नको झालं होतं.

दौलत आला तेव्हा दिवे लागले होते. गळ्यातला हार कुणीतरी जिन्यातच काढून घेतला. बूट न काढताच तो आत धावला आणि बाबांच्या छातीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. चाळ त्याच्याभोवती गोळा झाली. बायकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवले, कुणी पाणी आणलं. मालन भिंतीला टेकून उभी होती.

बऱ्याच वेळाने तो तिच्यापाशी आला.

“ताई, माझी आठवण काढली होती?”

त्याचे डोळे सुजले होते. विमानातल्या झोपेने शर्टाची कॉलर मोडली होती. तिने हात पुढे करून ती सरळ केली.

“काढली होती,” ती म्हणाली.

‘दिवसभर’ हा शब्द तिने त्याला दिला नाही.