सविताने मागे घेतलेली मागणी

"मंजूर! तालुक्याच्या गावी मोठं वसतिगृह. आता तरी समाधान झालं ना, सविताताई?" साहेब हसत म्हणाले.

नगरच्या याच कार्यालयाच्या फाटकाशी सविताने घोषणा देऊन घसा फोडला होता. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं शाळा सोडून फडावर जाऊ नयेत, म्हणून तिने रस्ते अडवले होते. तिची स्वतःची शाळा तशीच सुटली होती. आज मंजुरी मिळाली, आणि तिला आनंद होईना.

मागच्या आठवड्यात तिने पाथर्डीकडच्या आपल्या गावात वसतिगृह मंजूर होणार अशी बातमी सांगितली, तेव्हा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी म्हातारी छबूबाई बोलली, "तू आमच्यापायी लई भांडलीस, बाई. पन आमाला कवा इचारलंस का? माझी नात परगावी एकली निजंल व्हय? तिची आई तिला फडावरच नेईल. आमी म्हाताऱ्या हाय की गावात. पोरं आमच्यापाशी निजतील. मला चूल हुत न्हाई आता, तेवढं पोटाचं बगा."

सविताला संताप आला होता. घरी पोचेपर्यंत तो टिकला. मग तिला फडावरची उसाच्या पाचटाची झोपडी, ती कोपी आठवली. थंडीने दात वाजायचे, पण आईच्या कुशीत झोप लागायची. तिला तरी कोणी वसतिगृहात ठेवलं असतं, तर ती राहिली असती का?

"साहेब," ती म्हणाली, "मागणीच चुकली. माझीच चूक हाय."

शेजारी बसलेल्या रामहरीने तिचा हात दाबला. आंदोलनातला तिचा जुना सोबती तो. "अगं, हातातलं घालवतीस का?"

साहेबांचा चेहरा उतरला. "आता वर काय सांगू मी?"

"सांगा, बाईला उशिरा कळलं. पन एकदा गावात या. मी बोलनार न्हाई. बायका बोलतील."

साहेब आले. शाळेच्या ओट्यावर बायका घडाघडा बोलल्या. सविता मात्र ओठ घट्ट मिटून बसली. रस्त्यावर आडवं पडणं सोपं होतं, हे गप्प बसणं तिला जड गेलं. महिन्याभराने निर्णय आला: पोरांना दोन्ही वेळचं जेवण गावच्या शाळेत, मुक्काम आज्यांकडे. ज्यांना घरी कोणी नाही, त्यांच्यासाठी शाळेतच खोली आणि सोबतीला गावातली बाई. शेजारच्या गावांनाही तेच लागू झालं. रामहरीने मुकाट्याने तिच्यापुढे पेढा धरला.

दिवाळी सरली. ऊसतोडीला जाणारे ट्रक भरले. छबूबाईची सून ज्योती सामानावर चढली आणि तिने लेकीला हाक मारली, "संस्कृती, येते गं!" तेवढ्यात शाळेतून जेवायची हाक आली. पोरीने हात हलवला आणि ती मैत्रिणीमागे पळाली.

"गेली की! वळून बी बगितलं न्हाई," ज्योती म्हणाली. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

ट्रक निघून गेला. सविता शाळेत आली आणि पोरांच्या पंगतीत टोकाला मांडी घालून बसली. छबूबाईने तिच्या ताटात गरम खिचडी वाढली.

"खा," ती म्हणाली, "सावकाश खा."