वाढणारीचं ताट

मी पळी बोलतेय. घड्याळजींच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली. वाफेत राहून राहून मला मेलीला सदा गुंगी असते. बोलता बोलता मध्येच डोळा लागला, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पत्र्याचा. कारखान्यात मला कापलं, ठोकून खोलगट केलं आणि घासून घासून असं चकचकीत केलं की आपण चंद्राच्या घराण्यातल्या आहोत, असंच मला वाटू लागलं. दुकानात बाईंनी मला हातात तोलून पाहिलं आणि घड्याळजींना म्हणाल्या, "अहो, हिचा दांडा बघा, कसा मुठीत बसतो!" तेव्हापासून मी त्यांची.

घड्याळजी दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करायचे. बाई शिवणयंत्रावर. लेक लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेलेली. जेवायला दोघंच.

एके दिवशी दुकानातच घड्याळजींच्या छातीत कळ आली. नशीब बलवत्तर, वाचले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "तेल-मीठ कमी. पालेभाजी, गाजर, कडधान्यं, फळं रोज. जीवनसत्त्वं बाटलीत शोधू नका, ताटात शोधा."

झालं! बाईंनी ते काळजावर कोरूनच घेतलं. रोज पातेल्यात हिरवागार पाला शिजू लागला. त्यात बुडाले की मला स्वप्न पडायचं: मी एका तळ्याच्या तळाशी आहे, वरून ऊन झिरपतंय, पानं हलकेच खाली उतरताहेत. वाटायचं, इथंच पडून राहावं. पण स्वप्नातसुद्धा मला ठाऊक असायचं की पहिली पळी घड्याळजींच्या ताटात, दुसरीही तिथंच आणि तिसरीही. बाईंच्या वाट्याला भात आणि पातेलं खरवडून निघेल तेवढं. संत्रं सोललं की फोडी घड्याळजींना. बाई नुसता बोटांचा वास घेऊन म्हणायच्या, "मला बाई आंबट बाधतं." खोटं! साफ खोटं!

"तू घेतलीस का गं भाजी?" घड्याळजी विचारायचे.

"घेते हो. तुम्ही जेवा आधी. दुखणं तुमच्यामागे लागलंय, माझ्यामागे नाही."

लेकही हसायची, "आईचं काळीज पोलादी आहे, बाबा!" हृदयाचं दुखणं म्हणजे पुरुषांचं, असं त्या घरानं ठरवूनच टाकलं होतं.

मग बाईंना जिना चढताना धाप लागू लागली. जबडा दुखायचा, मळमळायचं. "पित्त झालंय," म्हणायच्या आणि पुन्हा शेगडीपाशी उभ्या. त्यांच्या मुठीचा गार घाम मला कळायचा, पण सांगू कुणाला? एका सकाळी ती मूठ सुटलीच. मी खणखणत फरशीवर पडले आणि माझ्या शेजारी बाई.

लेकीनं रुग्णालयात डबा नेला, तेव्हा घाईघाईत मलाही पिशवीत टाकलं.

"हृदयविकाराचा झटका होता," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "बायकांना कधी कधी छातीत कळ येतच नाही, नुसता थकवा नि मळमळ. बरं, त्या खातात काय?"

"रोज पालेभाजी होते की घरात!" घड्याळजी म्हणाले.

"होते हो. पण जाते कुणाच्या पोटात?"

घड्याळजींची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्या दांड्यावर गेली.

"नुसत्या भाजीनं सगळं टळतं, असं नाही," त्या जरा मवाळ झाल्या. "पण तुमच्या हृदयाला जे लागतं, तेच त्यांच्याही हृदयाला लागतं."

लेक भिंतीकडे तोंड करून रडली. मीही रडले असते, पण पळीला आसवं कुठली!

बाई वाचल्या. काळीज मात्र दमलंय, जपावं लागणार. तुमच्याही घरात एखादी पळी असेलच. माझं ऐकाल, तर एकदा तिला विचारा, वाढणारीच्या ताटात काय पडतं ते.

आज दुपारी घड्याळजींनी मला खिळ्यावरून काढलं. केसाएवढे स्क्रू बसवणारा हात, पण मला धरायची त्याला सवय नव्हती. थोडी भाजी ताटाबाहेर सांडली. बाई सवयीनं उठू लागल्या.

"बस गं," ते म्हणाले.

एक पळी पडली. दुसरी पडली.

"अगं, पुरे झाली की पुरे म्हण ना!"

जन्मभर दुसऱ्याचं 'पुरे' ऐकून हात आवरणारी ती बाई. स्वतः पुरे म्हणायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिनं भरल्या डोळ्यांनी ताटाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अजून थोडी वाढा."