आईला पडायला कोणी शिकवलं

जरा डोळ्यांपुढे आणून बघा. खिडकीजवळ एक टेबल आहे. टेबलावर दिवा, दिव्याखाली एक कोट, आणि कोटाच्या बाहीला करंगळी जाईल एवढं भोक. टेबलाशी एक बाई बसली आहे. तिच्या हातातली सुई इतकी बारीक, की ती काही तुम्हाला दिसणार नाही. दिसेल ते फक्त तिचं वर-खाली होणारं मनगट. कोटाच्याच आतल्या शिवणीतून ती धागा काढते आणि त्या धाग्यानं भोक विणून टाकते. संध्याकाळी कोटाचा मालक भोक शोधत बसतो आणि त्याला ते सापडत नाही. याला रफू म्हणतात. दिसली ना बाई?

आता तिची एक सवय बघा. सुई बोटांतून निसटली, की ती जमिनीला लागायच्या आत बाईचा तळहात खाली पोचलेला असायचा. सुईच कशाला, बटण, चमचा, खोडरबर, घरात काहीही पडायला लागलं की तिचा हात आधी खाली. इतक्या वर्षांची सवय, हाताला विचार करायला वेळच लागत नसे.

या बाईची मुलगी म्हणजे भिंगरी. सायकलवर बसली की खरोखरच भिंगरी. गल्लीत तिच्यासारखी सायकल कोणी चालवत नसे, आणि आजवर ती एकदाही पडली नव्हती. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, न विचारता.

एके दिवशी रफूचं काम देणारं दुकान नदीपलीकडे गेलं. तिकडे बस जात नव्हती. आई म्हणाली, "आता मला सायकल शिकायला हवी. या वयात! लोक हसतील."

"हसू देत. मी शिकवते तुला," भिंगरी म्हणाली, आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. आईला शिकवायचं! वर्गात कोणाची आई कोणाकडून काही शिकली होती का?

पण पहिल्याच दिवशी मागच्या मैदानात आई कलंडली, आणि तिचा हात गेला खाली. सुईसाठी जायचा तसाच, तळहात पसरून. नशिबानं तिथं गवत होतं. तरी मनगट सुजलं, आणि टेबलावरचा दिवा कितीतरी दिवस लागला नाही.

"तू पडूच नकोस ना," सूज उतरल्यावर भिंगरी अंगणात म्हणाली. "मी कुठं पडते?"

"अगं, पडू नकोस म्हटलं म्हणून कोणी पडायचं थांबतं का? पुन्हा असं झालं तर हात जायबंदी होईल. मग खायचं काय, सायकल?"

समोरच्या घरातली धप्पू हे कुंपणावरून ऐकत होती. धप्पू भिंगरीच्याच वयाची. चालताना पडायची, उभ्या उभ्या पडायची, म्हणून ती धप्पू. पण ती ज्युदोच्या वर्गाला जायची, आणि तिथं आधी कितीतरी दिवस फक्त पडायलाच शिकवतात.

"काकू, तुम्ही चुकीचं पडता," ती कुंपणावरून म्हणाली.

"पडण्यात काय चूक नि बरोबर!" भिंगरीनं नाक मुरडलं.

पण आई म्हणाली, "ये गं, दाखव बघू."

धप्पूनं घरातून जुनी गादी ओढत आणली. हनुवटी छातीला टेकवली, हात पोटाशी आवळले, पाठ गोल केली आणि खांद्याच्या मागच्या बाजूवर पडून ती चेंडूसारखी गडगडत गेली. उठली तर काही नाही, फक्त केसांत गवत.

"आता तुम्ही, काकू."

आई पडली. हात खाली. परत पडली. परत हात खाली. मग धप्पू पळत जाऊन उशी घेऊन आली. "ही पोटाशी धरा. काही झालं तरी उशी सोडायची नाही."

उशी धरलेला हात खाली जाणार कसा? आई गादीवर लोळली, उठली आणि खो-खो हसत सुटली. भिंगरीनं आईला असं हसताना किती दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि हसवलं कोणी, तर धप्पूनं!

त्या दिवसापासून भिंगरीच्या पोटात दुखायला लागलं. तसलं दुखणं औषधानं जात नाही. संध्याकाळी आई हाक मारायची ती धप्पूला. "माझ्या गुरू आल्या का?" असं म्हणायची. गुरूंना सरबत मिळायचं. भिंगरीलाही मिळायचं, अगदी तेवढंच, पण तिला ते फिकं लागायचं. ती पायरीवर बसून गादीकडे बघत राहायची. एकदा तर तिनं मुद्दाम दोन्ही हात सोडून सायकल चालवली. आईनं वर बघितलं, "सांभाळ गं," म्हणाली आणि पुन्हा धप्पूकडे वळली.

रात्री जेवताना आई म्हणाली, "धप्पू म्हणते, उतारावर इतक्यात जायचं नाही."

"धप्पूला सायकल तरी येते का?" भिंगरीचा घास हातातच राहिला. "उद्या ती वर्गाहून यायच्या आधी आपण दोघीच जाऊ. उतारावर. मी शिकवते."

आईनं तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथं काय दिसलं कोण जाणे, पण ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी मैदानाच्या टोकाच्या उतारावर गेल्या. आईनं हेल्मेट घातलं. भिंगरीनं मागून सायकल धरली. "मी सोडत नाही," म्हणाली आणि थोडं पळून सोडून दिली. बघ आई, माझ्यामुळे तुला आलं, असं तिला म्हणायचं होतं.

सायकल उतारावरून सुसाट निघाली. वाटेत एक दगड होता. पुढचं चाक त्याच्यावर चढलं आणि वळलं.

"आई!"

भिंगरीला सगळं दिसलं. आईनं हँडल सोडलं. तिचा उजवा हात निघाला, तळहात पसरून जमिनीकडे. टेबल, दिवा, कोट, सगळं त्या एका हाताच्या भरवशावर होतं. आणि अर्ध्या वाटेतून तो हात परत फिरला. पोटाशी गेला, नसलेली उशी आवळून धरली. हनुवटी छातीला टेकली. आई खांद्यावर पडली, गडगडली, आणि गवतात उताणी होऊन थांबली.

भिंगरी धापा टाकत पोचली. ती रडतच होती. "हात? आई, हात दाखव!"

आईनं दोन्ही हात वर करून बोटं नाचवली. गुडघा तेवढा खरचटला होता. "पडले! अगं, बरोबर पडले!" ती ओरडली. "जा, पळ, धप्पू आली असेल. तिला सांग!"

एवढं झाल्यावरसुद्धा पहिलं नाव धप्पूचं! भिंगरीच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं. 'नाही सांगत, जा!' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ती बोटं तिच्यासमोर हलत होती, दहाच्या दहा. आणि सायकल सोडली होती भिंगरीनं.

ती उठली आणि समोरच्या घराकडे चालू लागली. पळाली मात्र नाही.

धप्पू अंगणात बूट काढत होती.

"आई पडली," भिंगरी म्हणाली.

धप्पूचा चेहरा पांढराफटक पडला. "हात टेकला?"

"नाही."

"खरंच? आईशप्पथ?" धप्पूनं एका पायात बूट घालूनच उडी मारली. "कशा पडल्या? दाखव ना! करून दाखव!"

भिंगरीनं खाली बघितलं. अंगणात गवत होतं, मऊ दिसत होतं, पण ती आयुष्यात कधी पडली नव्हती, आणि पहिल्यांदा पडायचं तेही धप्पूच्या समोर!

"मला येत नाही," ती पुटपुटली.

"सोपं आहे. हनुवटी आत."

भिंगरीनं हनुवटी आत घेतली, दोन्ही हात पोटाशी आवळले, डोळे घट्ट मिटले आणि अंग सोडून दिलं.