बंद न पडलेला फ्रीज

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. आंबिवलीला, स्टेशनपासून जरा आत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराच्या मागच्या गॅलरीत मी उभा असतो. पोटात आता गार काही नाही. गोधड्या आणि डाळींचे डबे आहेत.

पूर्वी मी असा नव्हतो. गुणाजींनी मला घरी आणलं तेव्हा त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी माझ्या दारावर हळदीकुंकवाची बोटं उमटवली आणि पहिली आत ठेवली ती नैवेद्याच्या दुधाची वाटी. पुढे गुणाजी गेले. मुलगा मितेश ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागला, संचिता सून होऊन आली, सान्वी जन्मली. विमलाबाईंना कीर्तनाचं भारी वेड. देवळात ऐकलेलं आख्यान दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता हातवाऱ्यांसकट व्हायचं. ऐकायला संचिता आणि मी. त्या पुण्याईने कितीतरी आख्यानं मलाही पाठ झाली.

मग संचिताच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. त्यानंतर डॉक्टरांनी एक खास इंजेक्शन सुरू केलं. हे औषध सरसकट साऱ्या शरीरावर तुटून पडत नाही, त्या रोगाच्या पेशींवरची खूण हुडकून नेमकं तिथेच जातं, असं मितेशने आईला समजावलं.

"म्हणजे आमच्या बुवांसारखंच की," विमलाबाई म्हणाल्या. "देऊळभर माणसं बसलेली असू देत, डुलक्या काढणाऱ्यालाच बरोब्बर प्रश्न विचारतात."

"मग तुमचा नंबर पहिला लागत असेल, आई!" संचिता म्हणाली.

"गप गो! मी डोळे मिटून ऐकते."

दर तीन आठवड्यांनी ते औषध यायचं. आदल्या संध्याकाळी मितेश ठाण्याहून बर्फाच्या पिशवीतून खोका आणायचा आणि माझ्या मधल्या कप्प्यात ठेवायचा. मधूनमधून संचिताच्या हृदयाची तपासणी व्हायची, कारण या औषधाने हृदयावर ताण येऊ शकतो म्हणे. ती थकायची, पण केस पुन्हा उगवले होते. सान्वी त्यांवरून हात फिरवून म्हणायची, "मम्मी, तू आंब्याच्या कोयीसारखी दिसतेस." त्या खोक्याला सांभाळताना मला वाटायचं, मित्रांनो, की सारं घर मीच तोलून धरलंय.

"आई, त्याला हात लावायचा नाही हं," एवढंच मितेश सांगायचा. का, ते विमलाबाईंना कुणी सांगितलंच नाही.

देवळात हरिनाम सप्ताह चालू होता. मितेश खोका ठेवून सान्वीला क्लासहून आणायला गेला. संचिता आतल्या खोलीत पडली होती. विमलाबाईंनी माझं दार उघडलं, पदराने खोका पुसला आणि स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे ठेवला. वर तुळशीचं पान ठेवलं, समई लावली. "माझ्या पोरीच्या अंगात जायचंय रे बाबा हे," त्या देवाला म्हणाल्या. "आधी तुझ्या पायाशी."

आरती करून त्या खोका परत ठेवणार होत्या. तेवढ्यात खालून शेजारच्या तुळसाबाईंची हाक आली. "विमल, ए विमल! बुवा उभे राहिले गो!"

"आले, आले!" म्हणत विमलाबाई निघाल्या. मी रिकाम्या कप्प्यालाच गारवा देत राहिलो. परतल्या तेव्हा कपाळाला बुक्का होता, ओठांत अभंग होता, आणि खोका मनातून पार निघून गेला होता. त्या तशाच झोपल्या. घरात दुसऱ्या कुणाचंही त्या रात्री देव्हाऱ्याकडे लक्ष गेलं नाही.

सकाळी हॉस्पिटलला जायचं म्हणून संचिता सगळ्यांआधी उठली. माझं दार उघडलं, कप्पा पाहिला, मग देव्हाऱ्याकडे पाहिलं. समईशेजारचा खोका उचलला तेव्हा तो कोमट होता. तिने तिथूनच हॉस्पिटलच्या सिस्टरना फोन लावला.

"रात्रभर बाहेर होतं? मग नाही देता येणार, ताई. दुसरं मागवायला लागेल. तारीख पुढे जाईल."

संचिता थोडा वेळ माझ्या दाराला टेकून उभी राहिली. मग तिने तुळशीचं पान काढून देवाला वाहिलं, खोका आत ठेवला आणि माझं बटण बंद केलं. मी थरथरलो आणि गप्प झालो.

विमलाबाई उठून आल्या त्या बुक्क्याची पुडी घेऊनच. "थांब, कपाळाला लावते. कालचं सगळं कीर्तन तुझ्यासाठी ऐकलं गो."

संचिताने कपाळ पुढे केलं. मग म्हणाली, "आई, रात्री फ्रीज बंद पडला. औषध खराब झालं."

विमलाबाईंचा हात हवेतच राहिला. "मी ते देवापुढे ठेवलेलं... परत आत ठेवलं होतं ना गो मी?"

"हो की. आतच होतं. झोपताना मीच पाहिलं ना."

विमलाबाईंचा अडकलेला श्वास सुटला, आणि माझ्या दारावर सणसणीत चापट बसली. "मेल्या! आजच मरायचं होतं तुला?"

माझं बटण पुन्हा कुणी लावून पाहिलंच नाही, नवा फ्रीज आला. मी गॅलरीत आलो. त्या खराब झालेल्याच्या जागी दुसरं इंजेक्शन उशिरा मिळालं, पुढची वेळच्या वेळी झाली. बरे दिवसही आले, संचिता सान्वीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनालाही जाऊन आली. मग रोग यकृतात दिसला. त्या एका उशिराचा याच्याशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मितेशने ते आईलाही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. मार्गशीर्षात संचिता गेली.

तेव्हापासून विमलाबाई कीर्तनाला जात नाहीत. कपडे वाळत घालायला गॅलरीत येतात, माझ्यासमोर थांबतात, दारावर हात आपटतात. "तू बंद पडला नसतास तर माझी पोर..."

"आई, भंगारवाल्याला देऊन टाकू या," मितेश परवा म्हणाला. "रोज कशाला जिवाला त्रास?"

"नको रे. राहू दे. रागवायला कुणीतरी लागतं ना."

मित्रांनो, तुमच्या घरी असं औषध आलं तर आजीला नुसतं 'हात लावू नको' म्हणू नका. तिच्याजवळ बसा. ते गार का ठेवायचं, बाहेर राहिलं तर काय होतं, सगळं तिला नीट सांगा. ती समजून घेईल. विमलाबाईंनीही घेतलं असतं.

आणि कधी आंबिवलीला आलात, एखादी म्हातारी बाई जुन्या फ्रीजला बोल लावताना दिसली, तर तिला अडवू नका. मी बंद पडलो नव्हतो, हे तिला कृपा करून सांगू नका.