बाळंतिणींची खोली

गोदूबाई आणि रहमतबी मासळीबाजारात कित्येक वर्षं शेजारी बसत होत्या. जाळी सुकवायच्या जागेवरून गोदूबाईची गाबीतवाडी आणि रहमतबीचा मुसलमान मोहल्ला यांच्यात पुरुषांचं बोलणं बंद होतं; बायकांना बाजारात तसं करून भागत नव्हतं.

गोदूबाईची लेक बाळंतपणात अडली, तेव्हा तिला होडीतून मालवणला न्यायला निघाले. मोहल्ल्यातली बाळंतपणं रहमतबीच करायची, म्हणून तीही सोबत गेली. मालवण दिसायच्या आत लेकीने रहमतबीच्या मांडीवर जीव सोडला. त्यानंतर दोघी सख्ख्या बहिणींसारख्या झाल्या.

साठ साली पंचायतीची निवडणूक लागली. बाईच्या जागेसाठी मोहल्ल्याने रहमतबीचं नाव काढलं. ती नको म्हणाली. "गोदूक मतां देवया," असं ती दारोदार सांगत फिरली. "ती बसली म्हणजे मीच बसलंय."

गोदूबाई मोहल्ल्याच्या मतांवर निवडून आली. गावाने खोली बांधून दिली तर सरकार बाळंतपणासाठी नर्स देईल, असं तालुक्याच्या कचेरीत तिला कळलं, तेव्हा तिनेच ते पंचायतीत लावून धरलं. जागा ठरली दोन्ही वाड्यांच्या मधल्या माळावर. गाबितांनी होड्यांतून चिरे आणले. रहमतबीचा भाऊ वजीरा याने स्वतःच्या होडीसाठी राखून ठेवलेलं लाकूड छपराला दिलं. पहिल्या दिवशी दोन्हीकडची माणसं पेज प्यायला वेगवेगळ्या झाडांखाली बसली. कौलं चढेपर्यंत ती एकाच सावलीत बसू लागली होती. वजीरा आणि गाबितांचा सहदेव तांडेल जाळ्यांच्या जागेविषयीसुद्धा सरळ बोलू लागले.

खोली पुरी झाल्यावर शाळेत ग्रामसभा भरली. सरपंच परशुराम कागद बघून वाचू लागला, "मच्छीमार सोसायटीला इंजिनाचं सामान ठेवायला पक्की जागा हवी आहे. सबब नवीन खोली सोसायटीला द्यावी आणि नर्सबाईंची सोय देवळाच्या धर्मशाळेत करावी."

मोहल्ल्यातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपल्या बायका देवळाच्या आवारात बाळंतपणाला जाणार नाहीत आणि कुणी जाऊही देणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. रहमतबी मात्र निर्धास्त होती. गोदू आता उठेल आणि बोलेल, अशी तिची खात्री होती.

सरपंचाने पंचायतीच्या सभासदांना हात वर करायला सांगितलं. गोदूबाईने मान खाली घातली आणि हात वर केला.

रहमतबी सभेतून उठली नाही. सगळे निघून गेल्यावर ती गोदूबाईच्या पडवीत गेली.

"गोदू, तुका ह्या आदी ठावक होतां?"

गोदूबाईने मान डोलावली. "हात वर केलंय तर सत्यवानाक सोसायटीच्या नव्या लाँचीर घेतत म्हणान सरपंचान सांगल्यान. एकुलतो झील माजो. शिडाच्या होडयेन तेचा कसा होतला?"

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

"काय तोंडान सांगू?"

"सांगलं असतंस तर मी भांडलंय असतंय," रहमतबी म्हणाली. "पण माज्या माणसांत अशी उघडी पडलंय नसतंय. तुज्या नावार मी घराघरात शब्द दिलंय गो."

गोदूबाई रडू लागली. रहमतबीने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

मोहल्ल्यात वजीराने तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच तिला जड गेलं. बाकीचे हसले. सहदेव आणि वजीरा यांचं बोलणं पुन्हा थांबलं. लाँच आली, सत्यवान तिच्यावर कामाला लागला. नर्सबाई धर्मशाळेत राहायला आली; मोहल्ल्यातली एकही बाई तिकडे फिरकली नाही. रहमतबी बाजारात दुसऱ्या टोकाला बसू लागली.

पुढच्या वर्षी तिची सून अडली. बाळ आडवं होतं. रहमतबीने पोट चाचपलं आणि हे आपल्याच्याने होणारं नाही, हे तिने ओळखलं. मुलगा सिराज होडी काढायला धावला.

"होडी नको," ती म्हणाली. "धर्मशाळेत चल."

"लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत. आमी खोली बांधली म्हणान सरकारान नर्स दिल्यान. नर्सबाय आमचीसुदा आसा."

भर दुपारी सून डोलीतून देवळाच्या आवारातून गेली. पायऱ्यांवर बसलेल्यांपैकी एकजण आडवा आला. रहमतबीने पाऊल थांबवलं नाही, तेव्हा तो बाजूला झाला. नर्सबाईने आतून दार लावून घेतलं. संध्याकाळी मुलगी झाली, दोघी वाचल्या. त्यानंतर मोहल्ल्यातल्या बायका एकेक करून तिथे येऊ लागल्या.

त्याच संध्याकाळी बातमी ऐकून गोदूबाई धर्मशाळेत आली होती. तिने गरम पाण्याची कळशी आणली होती. रहमतबीने ती घेतली, आत नेऊन दिली.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. गोदूबाई जराशा अंतरावर बसली आणि म्हणाली, "नातीचा नाव काय ठेवतलंस?"

रहमतबीला उत्तर द्यावंसं वाटलं. ओठांपर्यंत नाव आलंही होतं. पण ते या बाईला सांगायला तिचं मन घेईना. ती उठली आणि सुनेजवळ जाऊन बसली.