पाणी आधी कडेच्याला

मी एक जुना तिवडा आहे. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध पुरलेला खांब. मित्रांनो, साखरखेर्ड्याजवळच्या शिवारात मी बाभळीचं झाड म्हणून वाढलो. शेषरावांनी मला तोडलं, तासलं आणि आपल्या खळ्यात रोवलं. त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि डोक्याला ज्वारीच्या कणसांची जुडी बांधली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि हुकूम नागपुराहून येत. आमच्या खळ्यावर मात्र हुकूम शेषरावांचाच.

मळणीला चार बैल गळ्याशी गळा बांधून एका दोरात माझ्याभोवती फिरत. माझ्या अंगालगत म्हातारा हरण्या असे. त्याला मेढ्या म्हणत. तो पाऊल उचली तसं बाकीचे उचलत. पण त्याचा फेरा लहान. कडेच्या तांब्या बैलाला तेवढ्याच वेळात मोठा फेरा मारावा लागे. हरण्या चालला की तांब्याला धावावं लागे. सगळे माझ्याभोवती फिरतात म्हणून लोक मला खळ्याचा राजा म्हणत. मलाही ते खरं वाटे.

दरवर्षी मळणी आटपून गावात धान्याची पहिली रास शेषरावांची पडे. एका साली शेजारच्या उत्तमरावांची मळणी आधी आटपेल असं दिसू लागलं. शेषरावांना ते सोसेना. भर दुपारी त्यांनी हरण्याला पराणी टोचली. गरीब हरण्या भरभर चालू लागला. तांब्या धापा टाकत मागे पडू लागला. शेषरावांनी त्याच्या पाठीवर काठी घातली. पुन्हा घातली. कातडं फाटलं, रक्तावर माश्या बसल्या.

दाण्यावर शेण पडू नये म्हणून गडी कडूबा पाटी घेऊन बैलांमागे फिरत होता. तो म्हणाला, "मालक, म्हाताऱ्याले हळू घ्या. कडेचा पळून पळून मरते ना!"

"मालक तू हायस का मी बे?"

"तुमीच मालक. मी तं नुसता शेण झेलतो."

झुंबरबाई पाण्याची घागर घेऊन आल्या. "अवो, पाणी पाजू द्या त्याले. तोंडाले फेस आला."

"रास पडल्यावर पाजजो."

"मंग एक फेरा तुमीच मारा त्याच्या बाजूनं."

"तुले लय कळते! बाजूले हो."

आणि त्यांनी पराणीची लोखंडी आर तांब्याच्या फाटलेल्या पाठीत खुपसली.

तांब्या हंबरला आणि उलटा फिरला. दोर माझ्याभोवती आवळला. हरण्याचं डोकं माझ्यावर आपटलं, शिंग मुळातून मोडलं. शेषराव दोरात अडकून माझ्याशी चेंगरले. त्यांची फासळी मोडल्याचा आवाज मी ऐकला. झुंबरबाई विळा घेऊन आत शिरल्या. त्यांनी दोर कापला. शेषराव सुटले. तांब्याही सुटला, आणि त्याच झटक्यात त्याचं शिंग झुंबरबाईंच्या पोटात शिरलं.

त्या माझ्या बुडाशी बसल्या. खालची ज्वारी लाल झाली.

शेषरावांनी तांब्यावर कुऱ्हाड उचलली. कडूबानं त्यांचा हात धरला. शेषरावांनी दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडावर काठी घातली. कडूबाचे दात पडले, पण त्यानं हात सोडला नाही.

"मारू नका त्याले," झुंबरबाई म्हणाल्या. "तहानलं हाय थे."

तेवढं बोलून त्यांनी प्राण सोडला.

कुऱ्हाड खाली पडली. शेषरावांनी तीच घागर घमेल्यात ओतली. तांब्या प्यायला.

पुढच्या साली बैल कडूबानं हाकले. शेषराव कडेनं, तांब्याच्या बाजूनं चालले. दुपारपर्यंत त्यांचे पाय भरून आले.

"कडूबा, हळू घे."

"हो मालक," कडूबा बोळक्या तोंडानं म्हणाला.

त्या साली गावात सगळ्यात शेवटची रास आमची पडली.

आता मी तडकलो आहे, बुडाला वाळवी लागली आहे. तिथला काळा डाग मात्र गेलेला नाही. कुंकू लावताना शेषराव आधी त्या डागावर लावतात. मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात कुणाचा तरी दोर येईल. तो ओढण्याआधी कडेनं एक फेरा चालून या. आणि मागून कुणी 'हळू घ्या' म्हणालं, तर त्याच्या हातात शेणाची पाटी असली तरी ऐका.

आमच्या खळ्यावर आता घागर आली की कुणी कुणाला विचारत नाही. पाणी आधी कडेच्याला मिळतं. मालक शेवटी पितात.